नावाशी जुळणारा इंग्रजी शब्द : यमकांच्या फाइलच्या नोंदी

४ जानेवारी

काम असं आहे. शुभेच्छापत्रांवर छापायला इंग्रजी चारोळ्या हव्या आहेत. दुसऱ्या ओळीच्या शेवटी ज्याचं पत्र त्याचं पहिलं नाव आणि चौथ्या ओळीच्या शेवटी त्याच्याशी यमक जुळणारा इंग्रजी शब्द. नावांची यादी लांबलचक आहे, जेन-केट-मार्कपासून शिव्हॉन-निकोलसपर्यंत. दर नावाला नव्याने डोकं खाजवण्यापेक्षा एकदाच फाइल करून ठेवावी असा बेत आहे. नाव शोधलं की शब्द समोर यावेत.

सुरुवात स्पेलिंगपासून केली. इंग्रजी शब्दांची साधी यादी घेतली आणि प्रत्येक शब्द उलटा करून अकारविल्हे लावला. असं केलं की शेवटची अक्षरं सारखी असलेले शब्द शेजारी येतात. जेनसाठी लेन, क्रेन, प्लेन हे शब्द चटकन मिळाले. मग पावसाचा ‘रेन’ कुठे गेला म्हणून पाहिलं, तर तो ट्रेन, चेन, ब्रेन यांच्याबरोबर भलत्याच ठिकाणी होता. शिरेचा ‘व्हेन’ आणखी तिसरीकडे, राज्यकारभाराचा ‘रेन’ चौथीकडे, शॅम्पेन तर पार टोकाला. उच्चार एकच आणि लिहिण्याच्या तऱ्हा पाच.

ह्यू (एच-यू-जी-एच) या नावाने उरलीसुरली आशा संपवली. त्याच्या शेवटच्या तीन अक्षरांनी संपणारे शब्द मिळाले ते थ्रू, दो, टफ, कॉफ आणि बाव. पाचांपैकी फक्त थ्रू कामाचा. खरे कामाचे शब्द, म्हणजे ब्लू, शू, क्यू, न्यू, या यादीत आलेच नाहीत. शॉनला (एस-ई-ए-एन) बीन, क्लीन आणि ओशन मिळाले. एकही जुळत नाही.

स्पेलिंगवरून शोधणं बंद.

६ जानेवारी

आपली लिपी उच्चारानुसारी, तेव्हा शब्द देवनागरीत लिहून काढावेत आणि शेवट जुळवावेत, असा पुढचा विचार. मराठी माणसाला हा मार्ग हमखास सुचतो, म्हणून तो कुठे फसतो ते सविस्तर लिहितो.

‘वेट’ लिहिलं की ते वजन, थांबणं आणि ओलं या तिन्ही अर्थांचं होतं. वजन आणि थांबणं यांचा स्वर लांब आणि शेवटी ‘इ’कडे सरकणारा. तो केटच्या स्वराशी जुळतो. ओलं या अर्थाच्या शब्दातला स्वर आखूड, तो जुळत नाही. तसंच ‘पेन’ हे दुखणंही आहे आणि लेखणीही. जेनशी जुळतं ते दुखणं, लेखणी नाही. जेम्स आणि लंडनमधून वाहणारी टेम्स नदी यांचं देवनागरीत इतकं सुंदर यमक जुळतं की मी त्यावर चारोळी लिहूनही टाकली होती. इंग्रजीत नदीचा ‘टे’ आखूड आहे, त्यामुळे चारोळी बाद. पॉल आणि डॉल हीसुद्धा ब्रिटिश उच्चारात जुळत नाहीत, पॉलचा स्वर लांबतो.

शेवटच्या ‘स’ आणि ‘झ’चाही असाच घोळ आहे. रोझच्या शेवटी ‘झ’ आहे, म्हणून नोझ (नाक), टोझ, गोझ, नोझ (जाणतो) हे सगळे तिचे सोबती. औषधाचा ‘डोस’ स्पेलिंगला हुबेहूब रोझसारखा, पण शेवटी ‘स’. लुईझ आणि डेनीस ही जोडीही अशीच. लुईझला चीझ, ब्रीझ, ट्रीझ चालतात. डेनीसला ते चालत नाहीत, तिला पीस आणि नीस लागतात. आपण बोलताना हे दोन ध्वनी सरमिसळ करतो आणि कान फसतो.

९ जानेवारी

शेवटी उच्चारकोशाकडे वळलो. कार्नेगी मेलन विद्यापीठाचा सीएमयू उच्चारकोश फुकट उतरवून घेता येतो. त्यात १,३४,००० हून अधिक शब्द आहेत आणि प्रत्येकापुढे त्याचे ध्वनी मांडलेले आहेत. ध्वनी एकूण ३९. स्वरापुढे आकडा असतो : मुख्य आघात (बोलताना दिलेला जोर) असेल तर १, दुय्यम असेल तर २, आघात नसेल तर ०. पहिली नावं आणि आडनावंही भरपूर आहेत, तेव्हा नावाचा उच्चार वेगळा शोधावा लागत नाही. उच्चार अमेरिकी आहेत. हे वाक्य मी वाचलं आणि पुढे सरकलो. ते महागात पडलं, त्याबद्दल २० तारखेची नोंद पाहा.

यमकं शोधायला पायथन या संगणकभाषेत प्रोग्रॅम लिहिला, पण कोशाची फाइल उघडतानाच अडलं. कोशाची ०.७बी ही आवृत्ती लॅटिन-१ या एन्कोडिंगमध्ये (अक्षरं संगणकात साठवण्याच्या पद्धतीत) आहे आणि प्रोग्रॅम ती यूटीएफ-८ या दुसऱ्या पद्धतीची समजून वाचू पाहतो. एन्कोडिंग स्पष्ट सांगितलं की उघडते. सुरुवातीच्या तीन अर्धविरामांनी सुरू होणाऱ्या ओळी टिपणांच्या आहेत, त्या गाळायच्या. एकाच शब्दाचे दोन-तीन उच्चार असतील तर पुढच्या नोंदींना कंसात आकडा दिलेला असतो. तो काढला नाही तर तेच शब्द पुन्हा पुन्हा येत राहतात.

नियम असा ठेवला : आघात असलेल्या शेवटच्या स्वरापासून शब्दाच्या टोकापर्यंत सगळं सारखं, आणि त्या स्वराआधीचं व्यंजन वेगळं. व्यंजनही सारखं असेल तर तो तोच शब्द झाला, यमक नव्हे. मार्क या नावाला खूण या अर्थाचा मार्क, नीलला गुडघे टेकण्याचा नील, फिलला भरण्याचा फिल, हे या अटीने बाहेर पडतात. पडायलाच हवेत.

जेनसाठी आलेली यादी पाहून मात्र कपाळाला हात लावला. निम्म्याहून जास्त आडनावं! कोशात ती ठासून भरलेली आहेत. नेहमीच्या वापरातल्या इंग्रजी शब्दांची वेगळी यादी घेतली आणि दोन्हींत असलेले शब्दच ठेवले. आता माणसात आल्यासारखी यादी दिसते.

१० जानेवारी

ग्रेसला फेस, लेस, स्पेस, केस मिळाले. पण रेस, ट्रेस, ब्रेस हे कुठेच नाहीत. कारण सापडायला सकाळ गेली. प्रोग्रॅम स्वराआधीचं फक्त एक व्यंजन पाहत होता. ग्रेसमध्ये ते ‘र’, ट्रेसमध्येही ‘र’, म्हणून ‘सारखे’ ठरवून फेकून देत होता. आघाताच्या स्वराआधीचा अख्खा व्यंजनगुच्छ तपासायला हवा. ‘ग्र’ आणि ‘ट्र’ वेगळे, तेव्हा यमक ठीक. हे बदलल्यावर रेस, ट्रेस, ब्रेस हे शब्द नीट येतात.

पण त्याच दुरुस्तीने ‘डिसग्रेस’ आत आलं, कारण प्रोग्रॅमला तिथे ‘सग्र’ असा गुच्छ दिसतो. ऐकताना त्यात अख्खी ग्रेसच ऐकू येते आणि अर्थ बेअब्रू! नावाचे सगळे ध्वनी शेवटी जसेच्या तसे येत असतील तर शब्द गाळायचा, अशी जादा अट घातली.

१५ जानेवारी

आघात. मराठीत आघात बदलला म्हणून शब्दाचा अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपलं तिकडे लक्षच जात नाही. इंग्रजी यमकाचा सगळा डोलारा मात्र त्याच्यावर उभा आहे.

मायकेलला सायकल आणि रीसायकल चपखल बसतात. तेवढ्यावर मी बायसिकल आणि ट्रायसिकल हातानेच यादीत घातले होते. चूक. या दोन्हींत आघात पहिल्या अवयवावर (शब्दाच्या एका दमात उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्यावर) आहे आणि मधला ‘सि’ आखूड होतो, मायकेलशी काहीच संबंध उरत नाही. मोटरसायकलमध्ये मात्र ‘साय’ शाबूत आहे, फक्त त्यावर दुय्यम आघात आहे. माझा प्रोग्रॅम आकड्यांसकट तुलना करत होता, म्हणून १ आणि २ न जुळल्याने त्याने ती नाकारली. जुळवताना आकडे काढून टाकले आणि दुय्यम आघाताचे शब्द वेगळ्या रकान्यात ठेवले. ते वापरता येतात, पण गेय ओळीत थोडे सैल वाटतात.

मिशेल, निकोल, इलेन, मरी या नावांत आघात शेवटावर आहे, म्हणून एका अवयवाचं यमक पुरतं : बेल, हॉटेल, बोल (वाडगा), सोल, होल, रेन, ट्रेन, ट्री, की. मॉली, हेलन, अ‍ॅलिस यांत आघात पहिल्यावर, म्हणजे दोन अवयव जुळवावे लागतात. मॉलीचं नशीब चांगलं : हॉली, जॉली, ट्रॉली, डॉली, व्हॉली. अ‍ॅलिसला पॅलेस, चॅलिस, मॅलिस, कॅलस. एमाला डिलेमा. सोफीला ट्रोफी. तिन्ही अवयव जुळवावे लागणारी नावं पुढे येणार आहेत, त्यांची धास्ती आत्तापासून आहे.

२० जानेवारी

तयार झालेल्या पहिल्या चारोळ्या ब्रिटिश इंग्रजी बोलणाऱ्या एका वाचकाला दाखवल्या. अ‍ॅनाची चारोळी त्याने परत पाठवली. ‘अ‍ॅना’ आणि ‘बनॅना’ अमेरिकेत जुळतात. ब्रिटनमध्ये केळं ‘बनाना’ असतं आणि अ‍ॅनाशी मुळीच जुळत नाही. बँडॅना आणि सव्हॅना दोन्हीकडे चालतात. तिथे सव्हॅना घेतलं.

त्यानंतर सगळी यादीच या नजरेने पुन्हा तपासावी लागली. यात गेलेला वेळ बाकीच्या सगळ्या चुकांपेक्षा जास्त आहे, म्हणून जरा पसरून लिहितो.

इंग्लंडमधल्या बहुतेकांच्या बोलण्यात शब्दाच्या शेवटचा ‘र’ उच्चारला जात नाही. त्यामुळे पीटर आणि चित्ता (चीटा) यांचं तिथे पक्कं यमक होतं, रीटा आणि पीटरचंही. अमेरिकी कोशात पीटरच्या शेवटी ‘र’ आहे, म्हणून प्रोग्रॅमने ते दाखवलंच नाही. नीनाला हायीना, अरीना, बॅलरीना सगळीकडे चालतात. क्लीनर मात्र फक्त ‘र’ गिळणाऱ्यांना. आपण मराठी माणसं ‘र’ ठणकावून म्हणतो, तेव्हा हे यमक आपल्या कानाला खोटंच वाटणार. पत्र कोणाला जातंय ते महत्त्वाचं, आपला कान नव्हे.

जॉन आणि शॉन ब्रिटिश उच्चारात जुळत नाहीत. जॉनचा स्वर आखूड, त्याला स्वॉन आणि गॉन. शॉनचा लांब, त्याला डॉन (पहाट), लॉन, यॉन (जांभई). अमेरिकेत बऱ्याच जणांच्या बोलण्यात हे दोन स्वर एकच झाले आहेत. तिथे सगळ्यांशी सगळे जुळतात, पॉल आणि डॉलसुद्धा. ज्यांच्या बोलण्यात ते वेगळे उरले आहेत, त्यांच्याकडे ‘गॉन’ बहुधा शॉनच्या बाजूला जातो. मी तो शब्दच टाळला.

हॅरी : बऱ्याच अमेरिकी लोकांच्या बोलण्यात मॅरी (लग्न करणे), मेरी (आनंदी) आणि मेरी हे नाव तिन्ही सारखी ऐकू येतात. मग हॅरीला चेरी, बेरी, डेअरीही मिळतात. ब्रिटिश कानाला कॅरी, मॅरी, पॅरी एवढेच. क्लार्कच्या बाबतीत उलटं. कारकून या अर्थाचा शब्द ब्रिटनमध्ये ‘क्लार्क’ आणि अमेरिकेत ‘क्लर्क’. पण तो ब्रिटनमध्ये नावाचाच उच्चार झाला, त्यामुळे यमक म्हणून कुठेच कामाचा नाही. डार्क, पार्क, शार्क दोन्हीकडे बिनधोक. बर्नार्डचा आघात अमेरिकेत शेवटावर येतो, मग कार्ड, यार्ड, गार्ड हात जोडून उभे. ब्रिटनमध्ये तो सुरुवातीला, आणि हे तिन्ही निरुपयोगी.

फाइलमध्ये आता ‘दोन्हीकडे’, ‘ब्रिटिश’, ‘अमेरिकी’ असे तीन रकाने आहेत. शंका असेल तर पहिल्याच रकान्यातला शब्द घ्यावा. हे आधीच ठरवलं असतं तर निम्मं काम दुसऱ्यांदा करावं लागलं नसतं.

२३ जानेवारी

आयरिश नावं. शिव्हॉनचं स्पेलिंग पाहून उच्चाराचा अंदाज कोणालाही येणार नाही. आघात दुसऱ्या अवयवावर, जोड्या डॉन, लॉन. ‘नीव्ह’ असा उच्चार असलेलं नाव लिहितात एन-आय-ए-एम-एच. त्याला लीव्ह, स्लीव्ह, बिलीव्ह. वेल्समधला रीस पीस, नीस, फ्लीस यांच्याशी जुळतो. एकदा उच्चार कळला की शब्दांची काही कमी नाही.

अडचण आहे ती दोन-तीन उच्चार असलेल्या नावांची. सर्शा हे आयरिश नाव काही जण ‘सीर्शा’ असंही म्हणतात. ‘सर्शा’ला इनर्शा मिळतो, दुसऱ्या उच्चाराला तो चालत नाही. लुई नावाच्या कोणाला शेवटी ‘स’ लागतो, कोणाला नाही. राल्फला ब्रिटनमध्ये काही घरांत ‘रेफ’ म्हणतात. आता यादीतल्या प्रत्येक नावापुढे ‘उच्चार विचारला का?’ असा रकाना आहे आणि तो भरल्याशिवाय मी पुढे जात नाही. विचारण्याची सोपी पद्धत म्हणजे ‘तुमच्या नावाशी कोणता शब्द जुळतो?’ असंच विचारणं. माणसं शाळेपासून ते ऐकत आलेली असतात, लगेच सांगतात. शिवाय कुठल्या शब्दाने चिडवलं जायचं तेही सांगतात, ते तर फारच उपयोगी.

२७ जानेवारी

केव्हिनला एकही शब्द मिळाला नाही, आणि सेव्हन, हेव्हन, इलेव्हन तर समोर दिसत होते. कोशात केव्हिनच्या दुसऱ्या अवयवाचा स्वर ‘इ’कडचा आहे, सेव्हनचा ‘अ’कडचा. बोलताना आघात नसलेले हे स्वर इतके पुसट होतात की फरक फार थोड्यांना जाणवतो. म्हणून आघात नसलेले ‘इ’ आणि ‘अ’ एकच धरायचे, असं प्रोग्रॅमला सांगितलं. केव्हिन मार्गी लागला.

थॉमसला ‘प्रॉमिस’ मात्र आधीच मिळाला होता, कारण अमेरिकी कोशात तिथे दोन्हीकडे ‘अ’च आहे. ब्रिटिश उच्चारात थोडा फरक उरतो, पण खटकत नाही. स्पेलिंगवरून हा शब्द जन्मात सापडला नसता.

निकोलसला ‘रिडिक्युलस’ आणि ‘मेटिक्युलस’. काटेकोर नियमाने हे बसत नाहीत, कारण ‘क’नंतर ‘य’ येतो. कान मात्र खुशाल मान्य करतो, आणि तीन अवयवांचं यमक असल्यामुळे ओळ मजेदार होते. ‘जवळपास’ असा आणखी एक रकाना उघडला. डेटाम्यूजची जी मोफत सेवा आहे तिथे अचूक यमकं आणि जवळपासची यमकं वेगवेगळी मागता येतात. या रकान्यासाठी तिचा उपयोग झाला. सगळ्याच कामाला ती का वापरली नाही, असं कोणी विचारेल. वापरावी, पण ब्रिटिश-अमेरिकी निवाडा शेवटी आपल्यालाच करावा लागतो.

३० जानेवारी

अवघड नावं. जॉर्जला फॉर्ज (भट्टी), गॉर्ज (दरी) आणि ओकण्याच्या अर्थाचा डिसगॉर्ज. संपलं. शुभेच्छापत्रात दरीवरच भागवलं. रेचलला अचूक असं काहीच नाही. फेशल, ग्लेशल, स्पेशल (अवकाशविषयक) हे ‘च’ऐवजी ‘श’चे, म्हणजे जवळपासच्या रकान्यात. एमिलीला फॅमिली सगळ्यांना सुचतं, पण आघाताचा स्वरच वेगळा आहे, मी घेतलं नाही. डेव्हिडला एका शब्दात काही नाही. दोन शब्द जोडून ‘गेव्ह इट’ होतं, शेवटी ‘ड’च्या जागी ‘ट’ येतो तेवढंच. नेओमीला दोन शब्दांचं ‘शो मी’ आणि एका शब्दाचं ‘फोमी’ दोन्ही नीट लागतात.

जेम्सला शब्द भरपूर : गेम्स, फ्लेम्स, फ्रेम्स, क्लेम्स, एम्स. पण पाहा, जवळजवळ सगळे अनेकवचनी किंवा तृतीयपुरुषी क्रियापदं. म्हणजे चौथ्या ओळीचं व्याकरण आधीच ठरून जातं. ‘तो’ किंवा ‘ती’ कर्ता नाहीतर वस्तूंचा ढीग. एकवचनी शेवट हवा असेल तर जेम्स सोडून जिम किंवा जेमी घ्यावा लागतो. चार्ल्सला तर स्नार्ल्स म्हणजे गुरगुरणं एवढंच धड मिळतं. चार्लीला बार्ली आहे.

नाव छोटं करणं हा सरळ मार्ग आहे, फक्त त्या माणसाला ते छोटं नाव चालतं का हे विचारून. एलिझाबेथ अडली तरी लिझला क्विझ आणि फिझ, बेथला ब्रेथ, बेटीला कन्फेटी आणि स्पगेटी, लिझीला बिझी आणि डिझी. क्रिस्टोफर हरला तरी क्रिसला ब्लिस. इंग्रजीतली काही छोटी नावं तर मुळात यमकानेच झाली आहेत. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये रॉबर्टचा रॉब आणि त्यावरून हॉब, डॉब. रिचर्डचा रिक आणि त्यावरून हिक, डिक. हॉब्सन, डॉब्सन, हिक्स ही आडनावं तिथली. विलचा बिल आणि मेगची पेग त्याच चालीवर.

ऑलिव्हर कशालाच ऐकेना. त्याला ओळीच्या शेवटून उचलून सुरुवातीला ठेवलं : ‘ऑलिव्हर केम विथ अ सिल्व्हर बलून’. यमक मग बलूनला शोधायचं : मून, ट्यून, सून. चार ओळींच्या मर्यादेत ही तोड इतकी सोपी आहे की ती आधी का सुचली नाही याचं आश्चर्य वाटतं. नाव टोकाला असलंच पाहिजे हा आग्रह आमचाच होता, वाचणाऱ्याचा नव्हे.

३ फेब्रुवारी

अर्थाची चाळणी. ही यंत्राला जमत नाही. केटच्या यादीत हेट, जेनच्या यादीत पेन आणि इन्सेन, फ्रेडच्या यादीत डेड, हेलनच्या यादीत मेलनच्या शेजारी फेलन म्हणजे गुन्हेगार. हे काढायचेच. त्याहून चोरटा प्रकार म्हणजे न लिहिलेला शब्द. तिसऱ्या ओळीची चाल अशी असेल की ऐकणाऱ्याच्या मनात चौथीच्या शेवटी भलताच शब्द आधी उमटतो, तर तुम्ही कितीही सभ्य शब्द ठेवा, हशा व्हायचा तो होतोच. लांब आणि अनपेक्षित शब्द ठेवला तर ही भीती कमी होते. फ्रेडला ‘बेड’पेक्षा ‘जिंजरब्रेड’ बरा, आघात दुय्यम असला तरी.

दोन उच्चारांचे शब्द चौथ्या ओळीत घेऊ नयेत. ‘वाचणे’च्या भूतकाळाचा ‘रेड’ टेडशी जुळतो, पण वाचणारा तो आधी ‘रीड’ वाचतो आणि अडखळतो. तसंच ‘लेड’, म्हणजे शिसं. फाइलमध्ये अशांपुढे फुली मारली आहे.

५ फेब्रुवारी

एक नाव सोडून यादी भरून झाली. सोफियाचा उच्चार अजून कळलेला नाही. आज बहुतेक ‘सोफीया’ म्हणतात. जुन्या ब्रिटिश उच्चारात ती ‘सोफाया’ होती, जशी मारिया पूर्वी ‘मराया’ होती. दोन्ही ओळी तयार ठेवल्या आहेत : ‘सोफीया’ असेल तर आयडिया, ‘सोफाया’ असेल तर पपाया. निरोप पाठवला आहे, उत्तर आलं की एक खोडायची.